शिकवण ख्रिस्ताची, वागणूक आपली



काही महिन्यांपूर्वी आपल्या एका लहान ख्रिस्ती समूहाची सभा एका घरी भरली होती. रोझरी झाली, शुभवर्तमान वाचून झाले आणि चर्चेला सुरुवात झाली. घरातला तरुण मुलगा दारापाशीच उभा होता. हल्ली तो मिस्साला दिसत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. आमच्यापैकी एकाने त्याला आत बोलावले. तो आला, पण बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. चर्चमध्ये पुढे उभं राहून वाचन करणाऱ्या माणसानं आमच्या वाडीत जायची वाट काटेरी तार लावून बंद केलीय. सख्खा काका आहे तो माझा. बाबा दोन महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एकदाही डोकावला नाही. मग ते पुस्तक वाचून उपयोग काय?"

आई त्याला गप्प करू लागली. तेव्हा समूहातल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, "बाळा, माणसाकडे पाहू नये, देवाकडे पाहावं." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मावशी, देव कुणाला दिसतो? आम्हाला दिसतात ती माणसंच."

(हा प्रसंग आम्ही त्याच्या परवानगीने लिहीत आहोत आणि घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या रात्री घरी परतताना आम्हाला दोघांचेही बोलणे पटत होते. मावशींचे म्हणणे खरे होते. धर्माची पारख एखाद्या माणसाच्या वागण्यावरून करता येत नाही. पण मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते. समोरच्या भावावर प्रीती न करता न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असे योहानाच्या पहिल्या पत्रातच सांगितले आहे (१ योहान ४:२०). म्हणून या रविवारी आपण याच प्रश्नाचा अभ्यास करू या. धर्माची शिकवण आणि धर्म पाळणाऱ्यांचे अपराध ही दोन वेगळी कशी करावीत? आणि वेगळी केल्यावर आपली जबाबदारी संपते का?

प्रभू येशूने काय शिकवले?

हा प्रश्न प्रभूने टाळलेला नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय उघडून पाहा. शास्त्री आणि परूशी मोशेच्या आसनावर बसले आहेत, ते जे सांगतात ते पाळा, पण त्यांच्यासारखे वागू नका, असे प्रभू लोकांना सांगतो (मत्तय २३:२-३). शिकवण आणि शिकवणाऱ्याचे वागणे यांच्यामध्ये रेघ ओढणारा पहिला गुरू आपला प्रभूच आहे.

पण अनेक जण इथेच पुस्तक मिटतात. पुढची वचनेही वाचली पाहिजेत. ही रेघ ओढल्यावर प्रभू त्या शास्त्री-परूश्यांना सोडून देत नाही. ते लोकांच्या खांद्यावर जड ओझी देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, असे तो सर्वांसमोर सांगतो. पाठोपाठ त्यांच्या ढोंगाचा धिक्कार करणारी वचने येतात. म्हणजे शिकवण खरी आहे हे मान्य करून प्रभू थांबत नाही. शिकवण खरी आहे म्हणूनच ती मोडणाऱ्याचा दोष त्याला अधिक गंभीर वाटतो.

दुसरे उदाहरण गहू आणि निदणाच्या दाखल्याचे (मत्तय १३:२४-३०, ३६-४३). त्या देशातले निदण सुरुवातीला अगदी गव्हासारखे दिसते, कणीस आल्यावरच फरक कळतो. आपल्या भातशेतीतही भातासारखे दिसणारे तण असते. लोंबी येईपर्यंत जाणत्या शेतकऱ्यालाही ते ओळखणे कठीण जाते. चाकर निदण उपटायला निघाले तेव्हा धन्याने त्यांना थांबवले, कारण त्याबरोबर गहूही उपटला गेला असता. पण निदण म्हणजेही गहूच आहे, असे धनी कुठेही म्हणत नाही. कापणीचा दिवस येणार आहे आणि त्या दिवशी निवाडा होणार आहे.

तिसरी गोष्ट प्रभूच्या बारा प्रेषितांची. एकाने त्याला पैशासाठी धरून दिले. ज्याला त्याने मंडळीचा खडक म्हटले त्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारले. पुढे अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवायला बसत असे; पण यरुशलेमहून काही माणसे येताच तो मागे सरला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला (गलती २:११-१४). ख्रिस्तसभेने ही लाजिरवाणी प्रकरणे पवित्र शास्त्रातून वगळली नाहीत. आजही ती मिस्सामध्ये मोठ्याने वाचली जातात. आपल्या पुढाऱ्यांच्या चुका लपवाव्यात असे त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांना वाटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उत्तर आफ्रिकेतला जुना वाद

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्तसभेपुढे हाच प्रश्न मोठ्या स्वरूपात उभा राहिला. इ. स. ३०३ मध्ये सम्राट दिओक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली करावेत, असा हुकूम निघाला. कित्येकांनी प्राण दिले पण ग्रंथ दिले नाहीत. काही धर्मगुरूंनी आणि बिशपांनी मात्र भीतीपोटी ते देऊन टाकले. छळ संपल्यावर प्रश्न आला की, अशा भेकड बिशपांच्या हातून झालेली गुरुदीक्षा खरी मानायची का?

एका गटाने ठामपणे नाही म्हटले. त्यांच्या पुढाऱ्याच्या नावावरून त्यांना डोनाटसपंथी म्हणतात. आमची ख्रिस्तसभा शुद्ध माणसांचीच असेल, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, कारण त्यांच्या घरातली माणसे हुतात्मा झाली होती. पण इ. स. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या परिषदेने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. पुढे हिप्पोचे बिशप संत अगस्तीन यांनी या प्रश्नाचा सखोल विचार केला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: बाप्तिस्मा पेत्राच्या हातून झाला किंवा यहूदाच्या हातून झाला, तरी तो देणारा ख्रिस्तच असतो. हात मळलेला असला म्हणून कृपा मळत नाही. शेत म्हणजे जग, असे प्रभूने निदणाच्या दाखल्याचा अर्थ सांगताना म्हटले होते. अगस्तीन यांनी तोच दाखला ख्रिस्तसभेलाही लावला. कापणीपर्यंत तिच्यातही गहू आणि निदण एकत्र राहणार.

यात आपल्याला मोठा दिलासा आहे. ज्या धर्मगुरूने आपल्याला बाप्तिस्मा दिला किंवा आपले लग्न लावले, त्याच्या पापामुळे आपला संस्कार खोटा ठरत नाही. आणि ख्रिस्तसभा केवळ निष्पाप माणसांचीच असती, तर तिच्यात आपल्याला तरी जागा कुठली मिळाली असती?

जेव्हा शिकवणच वाकवली जाते

इथवर गोष्ट सोपी आहे. शिकवण चांगली, माणूस दुबळा. पण इतिहास आपल्याला याहून कठीण धडा देतो. याच संत अगस्तीन यांचे सुरुवातीचे मत असे होते की, डोनाटसपंथीयांना बळजबरीने परत आणू नये. नंतर सम्राटाच्या कायद्यांमुळे लोक परत येताना पाहून त्यांनी मत बदलले. मेजवानीच्या दाखल्यात पाहुण्यांना आग्रहाने आत आणायला सांगितले आहे (लूक १४:२३). त्या वचनाचा आधार घेऊन त्यांनी राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन केले. मृत्युदंडाला त्यांचा विरोध होता, हेही सांगितले पाहिजे. पण जे दार त्यांनी किलकिले केले ते पुढच्या शतकांत इतरांनी सताड उघडले.

त्याची झळ आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज मुलूख त्याच्या अधिकाराखाली होता. १७३९ पर्यंत त्यात वसईही होती. बाप्तिस्मा घेतलेली माणसे गुप्तपणे जुना धर्म पाळतात का, हे शोधणे हे त्याचे मुख्य काम. हजारो लोकांवर खटले चालले. गार्सिया द ओर्ता हे गोव्यातले नामांकित वैद्य. आपल्या देशातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेटही त्यांच्याकडे खंडाने होते. ते ज्यू वंशातले होते. १५६८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कॅतरिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्ता यांची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याच शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील हिंदूंची देवळेही पाडली.

हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. आणखी एक गोष्ट लिहिताना तर हात थबकतो. गोव्यात इन्क्विझिशन आणावे, अशी विनंती पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये पत्राने करणाऱ्यांत संत फ्रान्सिस झेवियर होते. त्यांचा सण आपण ३ डिसेंबरला साजरा करतो. न्यायासन सुरू होण्याच्या आठ वर्षे आधीच, १५५२ मध्ये, ते देवाघरी गेले. याच संताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाबद्दल आणि जुलमाबद्दल त्याच राजाला कडक पत्रे लिहिली होती. गरिबांसाठी आणि रोग्यांसाठी त्यांनी आपला देह झिजवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संत म्हणजे ज्याची कधीच चूक झाली नाही असा माणूस, अशी आपली समजूत असेल, तर ती दुरुस्त करायला हवी.

आता त्याच गोव्यातले दुसरे चित्र पाहा. १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्याला आले. ते इथल्या लोकांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले आणि मराठी ओवीमध्ये त्यांनी ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आजही मराठी साहित्यात मानाने गणला जातो. त्यांनी इन्क्विझिशनला विरोध केला, असे आमचे म्हणणे नाही. पण एकाच काळात, एकाच गावात, एकाच क्रुसाखाली दोन वाटा होत्या हे खरे. एका वाटेने माणसाच्या मनात भीती घातली. दुसऱ्या वाटेने माणसाच्या भाषेत शिरून त्याच्या कानाशी गोष्ट सांगितली.

यांपैकी ख्रिस्ताची वाट कोणती? याचे उत्तर ख्रिस्ताकडेच पाहून मिळते. शोमरोनी गावाने त्याला थारा दिला नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. प्रभूने त्यांनाच धमकावले आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला (लूक ९:५१-५६). त्याचे बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य सोडून गेले, तेव्हा त्याने कुणाचा हात धरून ठेवला नाही. उलट, तुम्हीही जाऊ इच्छिता का, असे त्याने बारा जणांना विचारले (योहान ६:६६-६८). दार उघडे ठेवून विचारणाऱ्या या प्रभूच्या नावाने माणसांना जाळले गेले. ही चूक त्याच्या शिकवणीतून निघाली नाही. शिकवण विसरल्यामुळे आणि सत्तेच्या सोयीने वाकवल्यामुळे झाली.

ख्रिस्तसभेने ते मान्यही केले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. विश्वास हा मोकळ्या मनाने द्यायचा प्रतिसाद आहे, कुणावरही त्याची सक्ती करता येत नाही, असे त्यात शिकवले आहे. देवाच्या प्रजेच्या वाटचालीत शुभवर्तमानाच्या आत्म्याला न शोभणारे, कधी त्याच्या विरुद्ध जाणारेही वर्तन घडले, हेही त्यात कबूल केले आहे. पुढे १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्र महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेसाठी म्हणून केलेली जबरदस्ती, ज्यू लोकांवरील अन्याय, इतर संस्कृती आणि धर्म यांचा अनादर, स्त्रियांचा अवमान, अशा पापांची एकेक करून कबुली देण्यात आली. शेवटी वृद्ध पोपमहोदयांनी क्रुसाचे चुंबन घेतले. त्या दिवशी धर्म लहान झाला नाही. आपण पापनिवेदन करतो तेव्हा जे घडते, तेच त्या दिवशी सर्व जगासमोर घडले.

खरे माप आणि झाकण

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकवण आणि वागणूक वेगळी का करायची? त्याचे दोन हेतू असू शकतात.

बाजारात खोटे वजन वापरणारा दुकानदार पकडला जातो तो कशामुळे? खरे किलोचे वजन कुठेतरी जपून ठेवलेले असते म्हणून. दुकानदार लबाड निघाला म्हणून किलो खोटा ठरत नाही. उलट खरा किलो आहे म्हणून त्याची लबाडी उघडी पडते. धर्माची शिकवण हे ते खरे माप आहे. त्या तरुणाने काकांवर केलेला आरोप आठवा. भावाची वाट अडवणे आणि आजाऱ्याकडे पाठ फिरवणे पाप आहे, हे तो कुठे शिकला? याच चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात. मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आला नाही, असे म्हणणारा प्रभू (मत्तय २५) त्याच्या मनात अजून बोलतो आहे. आपण विश्वास सोडला असे त्याला वाटते, पण तो ख्रिस्ताच्याच मापाने मोजतो आहे.

हा झाला चांगला हेतू. दुसरा हेतू फार धोक्याचा आहे. शिकवण शुद्ध आहे, एखाद्याच्या चुकीमुळे धर्माला नावे ठेवू नका, असे म्हणत आपण त्याच शिकवणीचे झाकण करतो आणि अपराध त्याखाली ढकलतो. गेल्या काही दशकांत अनेक देशांत काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार उघडकीस आले. त्यात अत्याचाराइतकेच हे झाकण वेदनादायक होते. ख्रिस्तसभेचे नाव खराब होऊ नये म्हणून मुलांचे रडणे दाबले गेले. पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी देवाच्या सर्व प्रजेला पत्र लिहून ही लाज मान्य केली. २०१९ मध्ये त्यांनी नियम केले की, अशी माहिती मिळालेल्या धर्मगुरूने किंवा व्रतस्थाने ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. आपल्या देशात तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील अशा अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. 'आपल्याच माणसाविरुद्ध कसे बोलायचे?' हा प्रश्न इथे लागू होत नाही. ते मूलही आपलेच आहे.

जातिभेदाचेही तसेच. ख्रिस्तामध्ये यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद उरलेला नाही, असे पौल शिकवतो (गलती ३:२८). पण भारतीय ख्रिस्तसभेत जात उरली आहे. काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा उरली आहे. आपल्या बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले ते यामुळेच. आमच्या धर्मात जात नाही, असे बाहेरच्यांना अभिमानाने सांगायचे आणि घरात स्थळ पाहताना पहिला प्रश्न जातीचा विचारायचा, हा त्याच झाकणाचा प्रकार नव्हे का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एक विलक्षण प्रामाणिक गोष्ट सांगितली आहे. आधुनिक जगातील ख्रिस्तसभा या दस्तऐवजाच्या १९ व्या परिच्छेदाचा आशय असा: लोक देवापासून दूर जातात यात विश्वासणाऱ्यांचाही मोठा वाटा असू शकतो. आपले धार्मिक, नैतिक आणि सामाजिक जीवन उणे पडले, तर देवाचे मुख आपण दाखवण्याऐवजी झाकून टाकतो. म्हणून कुणी चर्चला येईनासा झाला की त्याच्या श्रद्धेला नावे ठेवण्याआधी आपण स्वतःला विचारावे, त्याच्या डोळ्यांसमोर मी उभा होतो का?

दुसऱ्यांच्या धर्मालाही तेच माप

या अभ्यासाचा आणखी एक भाग आहे, आणि तो आपण बहुधा विसरतो. आपल्या माणसाने गुन्हा केला की आपण म्हणतो, तो ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे वागला नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसाने गुन्हा केला की मात्र आपण चटकन म्हणतो, त्यांचा धर्मच तसा. हे दोन तराजू झाले. दुसऱ्यांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे (मत्तय ७:१२), हा नियम इथेही लागू आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे परिषदेने १९६५ मध्येच सांगितले आहे.

सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात गरीब आदिवासींमध्ये काम करीत होत्या. गरिबांना सावकारांच्या विळख्यातून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या, आणि त्यामुळे काहींना त्या डोळ्यांत सलत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये भोसकून त्यांची हत्या झाली. ज्या हातांनी वार केले तो माणूस हिंदू होता. सिस्टरांच्या कुटुंबाने त्याच्या धर्माला दोष दिला नाही. त्यांनी त्या माणसाला क्षमा केली. २००२ मध्ये सिस्टरांच्या धाकट्या भगिनी, ज्या स्वतःही धर्मभगिनी आहेत, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. तो माणूस पश्चात्तापाने बदलला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ख्रिस्ताच्या शिकवणीचे फळ पाहायचे असेल, तर ते त्या राखीत पाहावे. आणि राखी हा हिंदू बांधवांचा सण आहे, हेही विसरू नये.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, कुणी दुखावलेला माणूस बोलू लागला, तर लगेच धर्माचा बचाव करू नये. आधी त्याचे ऐकून घ्यावे. प्रभूला आपल्या वकिलीची घाई नाही.

दुसरी गोष्ट, चूक आपल्या गटातली असली तरी तिला चूक म्हणावे. पौलाने पेत्राला म्हटले, आणि त्यानंतरही दोघे एकाच प्रभूचे प्रेषित राहिले. बंधूचा अपराध दिसला तर आधी एकांतात सांगावे, नाही ऐकले तर एकदोघांना बरोबर घ्यावे, मग मंडळीला सांगावे, हा क्रम प्रभूनेच घालून दिला आहे (मत्तय १८:१५-१७). मात्र जिथे मुलाला किंवा दुबळ्याला इजा होत असेल, तिथे आधी त्याला सुरक्षित करावे आणि कायद्याप्रमाणे कळवावे.

तिसरी गोष्ट, निदण शोधायला दुसऱ्याच्या शेतात जाण्यापूर्वी आपल्या बांधावरून एक फेरी मारावी. ख्रिस्तसभा पवित्र आहे, आणि तरीही तिला सदैव शुद्धीकरणाची गरज आहे, असे परिषद शिकवते. ते शुद्धीकरण आपल्या घरापासूनच सुरू होते.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आमच्यापैकी दोघे जण त्याच्या काकांना जाऊन भेटले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले, सातबाऱ्याचा कागद दाखवला आणि आपली बाजू मांडली. तार अजून तिथेच आहे. पण मागच्या महिन्यात ते भावाला भेटायला येऊन गेले, असे कळले. त्या सभेतल्या मावशी दर शुक्रवारी त्या घरी जाऊन आजारी माणसाजवळ तासभर बसतात. मुलगा अजून मिस्साला येत नाही. मात्र मावशी संध्याकाळी परत निघाल्या की तोच त्यांना घरापर्यंत सोडायला जातो. देवाकडे पाहा, असे मावशींनी त्याला पुन्हा सांगितलेले नाही.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातले किंवा शेजारचे कुणी चर्चपासून दूर गेले आहे का? त्याचे कारण आपण कधी त्याच्याच तोंडून ऐकले आहे का?

२. दुसऱ्या धर्मातील एखाद्याची चूक पाहून आपण त्याच्या सगळ्या समाजाला दोष दिला, असा प्रसंग आठवतो का?

३. माझ्या कोणत्या वागण्यामुळे ख्रिस्ताचे मुख कुणापासून झाकले जात असेल? या आठवड्यात त्यातले एक कोणते पाऊल मी मागे घेऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासारख्या दुबळ्या माणसांच्या हाती तुझे शुभवर्तमान सोपवलेस. आमच्या पापामुळे जे तुझ्यापासून दूर गेले त्यांना तू शोध. आमची चूक कबूल करण्याचे धैर्य आम्हाला दे आणि ती सुधारण्याची ताकदही दे. आमच्याकडे पाहून कुणाला तुझी आठवण व्हावी, एवढे तरी आमचे जीवन तुझ्यासारखे कर. आमेन.